सांडव्यावरची पावलं

भर दुपारी क्लेटन लेकच्या सांडव्यावर, म्हणजे धरणाचं जास्तीचं पाणी निघून जाण्याच्या वाटेवर, जाऊन उभं राहिलात तर तुम्हाला जवळपास काहीच दिसणार नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण बरेच लोक नेमकं तेच करतात. हायवेवरून वाट वाकडी करून येतात, गाडी लावतात, धरणावरून चालत पलीकडे जातात, वॉकवेवर उभं राहून खाली बघतात, खाली एक तपकिरी सपाट कातळ, त्यात कुठेकुठे उथळ खळगे, मग दोन फोटो काढतात आणि चेहऱ्यावर "एवढ्यासाठी आलो का" असं घेऊन परत फिरतात. मला त्यांचं फार वाईट वाटतं. ऊन डोक्यावर असताना खळग्याला सावली पडत नाही, आणि सावली नसली की तिथे पाऊल आहे हे डोळ्याला कळतच नाही. सूर्य उगवल्यावरचा पहिला तास-दीड तास आणि मावळायच्या आधीचा तेवढाच वेळ, ऊन तिरकं येतं तेव्हा, तोच कातळ बघता बघता भरून जातो. पाचशेच्या वर पाऊलखुणा आहेत तिथे. डायनासोरच्या. दहा कोटी वर्षांपूर्वीच्या.

म्हणून ही जागा बघायची तर तिथे मुक्काम करायला हवा. संध्याकाळ एक आणि सकाळ एक, निदान एवढं तरी. आम्ही टेंट घेऊन गेलो ते याचसाठी.

जागा कुठे आहे ते सांगते. न्यू मेक्सिकोचा अगदी ईशान्येचा कोपरा, जिथे टेक्सास आणि ओक्लाहोमा दोन्ही हाकेच्या अंतरावर येतात, तिथे क्लेटन नावाचं छोटं गाव आहे, आणि गावापासून उत्तरेला बारा-पंधरा मैलांवर हे तळं. आम्ही डॅलसकडून आलो, म्हणजे दिवसभराची ड्राइव्ह, अमरिलोपर्यंत २८७ नंबरचा रस्ता, मग ८७ पकडून डॅलहार्ट, टेक्सलाइन, आणि स्टेट लाइन ओलांडली की घड्याळ एक तास मागे जातं. अमरिलोनंतर झाडं विरळ होत जातात आणि मग जवळजवळ संपतातच. नुसतं गवत. आखूड, पिवळं पडलेलं, वाऱ्याने एका बाजूला झुकलेलं. मधेच प्राँगहॉर्नचा कळप दिसतो, ती हरणासारखी पांढऱ्या बुडाची जनावरं, गाडीकडे मान वळवून बघतात आणि पुन्हा चरायला लागतात. मैलोन्‌मैल वस्ती नाही. मला हा प्रदेश आवडतो, लोक त्याला रिकामा म्हणतात ते मला पटत नाही, पण तो स्वतःहून काही दाखवत नाही हे खरं, तुम्हालाच थांबून बघावं लागतं.

सोबत बाबा होते. बाबा पाटबंधारे खात्यात आयुष्यभर नोकरी करून रिटायर झाले, माझं बालपण धरणांच्या कॉलन्यांमधे गेलं, आणि ते अमेरिकेत आले की मला प्रश्न पडतो की यांना काय दाखवायचं, कारण उंच बिल्डिंगा बघून ते "बरं" म्हणतात आणि म्युझियममधे लवकर दमतात. या वेळी म्हटलं बाबा, एक तळं आहे, मातीच्या धरणाचं, आणि त्याच्या सांडव्यावर डायनासोरच्या पावलांचे ठसे सापडलेत. ते पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवून म्हणाले, "सांडव्यावर? नक्की सांडव्यावर?" मी म्हटलं हो. म्हणाले, "मग जाऊया."

तळं १७० एकरांचं. सेनेका क्रीक नावाच्या ओढ्यावर १९५५ मधे राज्याच्या गेम अँड फिश खात्याने बांध घातला, मासेमारीसाठी आणि हिवाळ्यात येणाऱ्या बदकांना, हंसांना उतरायला पाणी असावं म्हणून. डायनासोरचं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं. मासे भरपूर, ट्राउट, कॅटफिश, बास, वॉलाय, आणि राज्यातला सगळ्यात मोठा वॉलाय १९८९ मधे इथेच लागला होता गळाला, १६ पौंड ९ औंसांचा. थंडीचे महिने मासेमारी बंद असते, तेव्हा तळं पाखरांचं. आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी शेवटी गेलो म्हणजे दोन्हीच्या मधल्या वेळेत, होड्या नव्हत्या आणि पाखरं नुकती यायला लागली होती. कॅम्पसाइट्स पाण्याच्या वर, वालुकाश्माच्या कड्यांच्या आडोशाला आहेत, आणि आडोसा लागतोच, इथला वारा टेंटचे खुंटे उपटून टाकेल असा वाहतो. खुंट्यांवर दगड ठेवले. बाबांनी प्रत्येक दगड स्वतः निवडला.

मग धरणावरून निघालो. पायवाट भरावाच्या माथ्यावरून पलीकडे जाते, लांब नाही. पण बाबा भरभर चालेनात. आधी पाण्याच्या बाजूचं दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर बसवलेले दगड, बघितले, मग खालच्या उतारावर गवत कसं धरलंय ते बघितलं, मग थांबून मागे वळून पाणलोटाचा अंदाज घेतला, ओढा केवढा, येवा म्हणजे येणारं पाणी किती असेल. मी घाई करत होते कारण ऊन उतरायला लागलं होतं. पण नंतर जे मला समजलं ते त्यांच्या या रेंगाळण्यामुळेच समजलं.

ते म्हणाले, हे बघ, मातीच्या धरणाला सगळ्यात भीती कशाची, तर पाणी माथ्यावरून जाण्याची. भरावावरून पाणी गेलं की धरण गेलं. म्हणून एका अंगाला सांडवा काढायचा, जास्तीचं पाणी तिथून निघून जावं. आणि सांडवा कुठे काढायचा, जिथे खाली पक्का कातळ आहे तिथे, कारण पुराचं पाणी जोरात येतं, माती असली तर ती खरवडून खोल खोल जाईल. म्हणजे मुळात सांडव्याची जागा शोधणं म्हणजे कातळ शोधणं, आणि वरची माती उकरून तो उघडा करणं. "तुझे डायनासोर सांडव्यावर सापडले यात नवल नाही," ते म्हणाले, "बाकी सगळीकडे ते मातीखाली आहेत. इथे आम्ही लोकांनी माती काढली."

ते "आम्ही लोकांनी" म्हणाले. सत्तर वर्षांपूर्वी दुसऱ्याच देशातल्या इंजिनियरांनी बांधलेलं धरण, पण आम्ही लोकांनी. मला ते फार आवडलं.

आणि तरी १९५५ मधे ठसे कुणाला दिसले नव्हते. कातळावर गाळाचा थर होताच. १९८२ मधे पूर आला, सांडव्यावरून पाणी धो धो वाहिलं, गाळ धुऊन गेला, आणि पाणी ओसरल्यावर खाली ओळीने पावलं. म्हणजे दोन हातांनी मिळून ती उघडी केली, एकदा माणसांनी, एकदा पाण्याने.

आम्ही वॉकवेवर पोचलो तेव्हा सूर्य बराच खाली आला होता. सुरुवातीला दोन-तीनच दिसले. रुंद, तीन बोटांचे, बोटांची टोकं बोथट, हे शाकाहारी, इग्वानोडॉनच्या जातकुळीतले, इथे बहुतेक ठसे यांचेच. मग डोळा सरावला आणि एकाच्या पुढे दुसरं, दुसऱ्याच्या पुढे तिसरं, डावं उजवं डावं उजवं, अशी एक रांग सांडव्यावर तिरकी जाताना दिसली, मग तिला छेदून जाणारी दुसरी, मग एक निमुळत्या लांब बोटांचा ठसा, टोकाला नखाची खूण, हा मांसाहारी, दोन पायांवर चालणारा. ऊन आणखी उतरलं तशी आणखी रांगा वर आल्या, जिथे पाच मिनिटांपूर्वी मी नुसता दगड बघितला होता तिथे. लहान पावलं, मोठी पावलं, एकमेकांवर पडलेली. बाबा कठड्याला धरून उभे होते आणि काहीच बोलत नव्हते. मी पण नाही.

हे असं टिकतं कसं, याचा विचार केला की मला अजून आश्चर्य वाटतं. हाडाचं समजू शकतं, हाड मुळातच कडक. पण पाऊल म्हणजे काय, चिखलातला एक आकार, तिथे वस्तू अशी काहीच नाही. त्या काळी, क्रिटेशियसमधे, अमेरिकेच्या मधोमध एक समुद्र शिरत होता, उत्तरेकडून आर्क्टिक आणि दक्षिणेकडून मेक्सिकोचं आखात, पुढे तो दोन्हीकडून मिळून खंडाचे दोन तुकडे झाले, वेस्टर्न इंटिरियर सीवे म्हणतात त्याला. आज जिथे गवताचा समुद्र आहे तिथे तेव्हा खऱ्या समुद्राचा काठ होता, दलदलीचा, चिखलाचा, गरम हवेतला. चिखल बेताचा ओला हवा. फार पातळ असेल तर पाऊल उचललं की खड्डा परत भरतो, फार कोरडा असेल तर ठसा उमटतच नाही, मळलेल्या कणकेत बोट दाबल्यावर जसा खळगा राहतो तेवढाच ओलावा लागतो. मग तो उन्हात थोडा वाळायला हवा, आणि नंतर एखादी भरती किंवा पूर अशा अलगदपणे यायला हवा की ठसा मोडणार नाही पण वरून गाळाने भरेल. त्यावर पुन्हा गाळ, पुन्हा गाळ, हजारो फूट, लाखो वर्षं. खालचा चिखल दगड होतो, वरची भरही दगड होते, पण दोन्ही वेगळ्या जातीचे असल्यामुळे मधे एक फट राहते, आणि पुढे कधीतरी वरचा दगड झिजून निघतो तेव्हा खालचा ठसा जसाच्या तसा मोकळा होतो. यातली एक जरी पायरी चुकली असती तर काही नाही. जेवढी जनावरं त्या काठावरून चालली त्यांतली बहुतेक सगळी काही न ठेवता गेली.

आणि ही पावलं एकट्या क्लेटनची नाहीत. याच सुमाराच्या खडकांच्या थरांत पार कोलोरॅडोपर्यंत, डेन्व्हरजवळच्या डायनासोर रिजपर्यंत, अशाच पाऊलखुणा मिळतात, तिथल्या १९३७ मधे रस्ता खणताना सापडल्या होत्या. मार्टिन लॉकली नावाचे अभ्यासक, जे कोलोरॅडोत राहून आयुष्यभर पाऊलखुणाच वाचत राहिले, त्यांच्यासारख्या लोकांनी या सगळ्या जागा एकत्र मांडल्या आणि त्या पट्ट्याला डायनासोर फ्रीवे असं नाव पडलं. समुद्राच्या काठाकाठाने शेकडो मैल. आता म्हणजे कळप याच वाटेने स्थलांतर करत होते असं खात्रीने म्हणता येत नाही, पण तो काठ त्यांच्या पायाखालचा होता एवढं नक्की.

एका ठिकाणी एक गडबडलेली खूण आहे. पार्कच्या माहितीत सांगतात की इथे एक डायनासोर चिखलात घसरला आणि तोल सावरायला त्याने शेपूट टेकवली. एरवी शेपटीच्या खुणा मिळत नाहीत, ही जनावरं शेपूट हवेत उचलून चालत, जुन्या चित्रांमधे दाखवायचे तशी फरपटत नव्हती, आणि हे पण पाऊलखुणांवरूनच कळलं. पण इथे तेवढ्यापुरती टेकली. मी त्या खुणेपाशी बराच वेळ उभी होते. पडलं नाही ते. सावरलं, पुढे गेलं. सांगाडा हा मेल्यानंतरचा असतो, त्यातून तो प्राणी कसा होता हे कळतं, पण त्याचा एक क्षण कळत नाही. इथे एक क्षण आहे, एका नेमक्या दिवसाचा, पाय सटकल्याचा, आणि तो प्राणी त्यानंतर कदाचित वर्षानुवर्षं जगला असेल.

अजून एक गोष्ट मला इथली फार आवडते. सुरुवातीला इथले काही ठसे टेरोसॉरचे, म्हणजे उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याचे आहेत असं १९८५ मधे छापून आलं होतं. केवढी मोठी बातमी, आकाशातला प्राणी जमिनीवर चालतानाचा पुरावा. मग १९९२ मधे एका दुसऱ्या अभ्यासकाने पुन्हा नीट बघून दाखवलं की हा एक टेरोसॉर नाहीये, या बऱ्याच मगरींच्या खुणा आहेत एकमेकांत मिसळलेल्या. मला वाटतं मगर ही काही कमी बातमी नाही. उलट त्यामुळे तो काठ मला जास्त नीट दिसायला लागला, उथळ पाणी, त्यात मगरी, बाजूने पाला खाणारे मोठे कळप आणि त्यांच्या आसपास ते टोकदार नखांचे. दगड तोच होता, माणसांनी दुसऱ्यांदा बघितलं एवढंच.

रात्रीबद्दल थोडं. हा पार्क २०१० पासून इंटरनॅशनल डार्क स्काय पार्क आहे, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, छोटी वेधशाळाही आहे तिथे. अश्विन वद्यातली रात्र होती, चंद्र पहाटे उगवणार होता, आणि अंधार असा की टेंट ते टेबल एवढ्या अंतरावर बाबा दिसत नव्हते, फक्त त्यांचा आवाज. कानटोपी, स्वेटर, वरून माझी स्लीपिंग बॅग खांद्यावर, आणि हातात चहा. पूर्वेकडून कृत्तिका वर आल्या. बाबांनीच मला लहानपणी अंगणात दाखवलेल्या, म्हणून मी त्यांना जे नुकतं वाचलं होतं ते सांगितलं, की कृत्तिकांचं वय साधारण दहा कोटी वर्षं धरतात. ते क्षणभर थांबले. "म्हणजे खाली ही चालत होती तेव्हा वर या जन्माला येत होत्या?" साधारण तसंच, मी म्हटलं, दोन-तीन कोटींचा फरक इकडे तिकडे धरायचा. ते म्हणाले दोन-तीन कोटी इकडे तिकडे, आणि पुढे काहीच बोलले नाहीत.

त्यांना अजून एक सांगितलं, जे मराठी माणसाला सांगायलाच हवं, की आपला सगळा सह्याद्री, दख्खनचा काळा कातळ, तो लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे या पावलांच्या वेळी तो नव्हताच. ज्या दगडावर त्यांनी आयुष्यभर धरणं बांधली तो दगड या ठशांपेक्षा वयाने लहान. मला वाटलं ते हसतील. ते म्हणाले, "बेसॉल्टवर काम करायला चांगलं वाटायचं, वालुकाश्म झिरपतो."

सकाळी सूर्योदयाला परत सांडव्यावर. संध्याकाळी ऊन एका बाजूने येतं, सकाळी दुसऱ्या, त्यामुळे वेगळीच पावलं दिसतात, काल दिसलेली काही गायब आणि काल नसलेली काही हजर. दोन्ही वेळा यायला हवं म्हणते ते यासाठी. कातळावर दव गोठलं होतं, खळग्यांच्या कडांना पांढरी रेघ. बाबांनी एक रांग निवडली आणि वॉकवेच्या फळ्या मोजून अंदाजाने अंतरं काढायला लागले. यासाठी एक हिशोब आहे, मॅकनील अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९७६ मधे मांडलेला. पावलाच्या लांबीच्या साधारण चौपट कंबरेची उंची धरायची. मग एकाच पायाच्या दोन ठशांमधलं अंतर त्या उंचीशी ताडून बघायचं, दुपटीच्या आत असेल तर प्राणी चालत होता, तिपटीच्या जवळ गेलं की पळत होता. समजा पाऊल एक फुटाचं, तर कंबर चार फुटांवर, तर आठ फुटांच्या आतली ढांग म्हणजे चालणं. बाबांची निवडलेली रांग आरामात आत बसत होती. चालत होतं ते. कुणी पाठीमागे लागलेलं नव्हतं, पळापळ नव्हती, काठाकाठाने आपल्या गतीने चाललं होतं. हे एवढं कळल्यावर बाबांचा चेहरा जसा उजळला तसा मी पुष्कळ दिवसांत बघितला नव्हता.

पण मग त्यांनी तो प्रश्न काढला, आणि तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून जात नाही.

"दव गोठलंय," ते म्हणाले. "म्हणजे रात्री शून्याखाली गेलं. दगडाच्या भेगांत पाणी, पाण्याचं बर्फ, बर्फ फुगतं, भेग वाढते. रोज रात्री. वर उन्हाळ्यात गारा पडत असतील. आणि हा सांडवा आहे, पूर आला की पाणी इथूनच जाणार, वाळू घासत. किती वर्षं झाली उघडं पडून?"

१९८२ पासून, म्हटलं.

"दहा कोटी वर्षं झाकलेलं होतं म्हणून राहिलं."

म्हणजे हिशोब असा आहे. जे सापडलं ते सापडल्या दिवसापासून झिजायला लागलं. ज्या पाण्याने ते आपल्याला दाखवलं तेच पाणी ते पुसणार. पाऊलखुणेच्या आयुष्यात आपल्याला ती दिसण्याचा काळ हा शेवटचा काळ आहे, झाकलेली असेपर्यंत ती सुरक्षित होती पण कुणालाच माहीत नव्हती, आणि माहीत झाली तेव्हापासून दर वर्षी एक पापुद्रा जातोय. काही खळग्यांच्या कडा मऊ झालेल्या मला स्वतःला दिसल्या, त्या मुळातच तशा उमटल्या होत्या की नंतर झिजल्या ते मी सांगू शकत नाही, पण बघताना जीव थोडा तुटला.

परतताना आम्ही दोन वाकडी वळणं घेतली आणि दोन्हीकडे हाच विषय पुढे आला. क्लेटनच्या उत्तरेला कायोवा नॅशनल ग्रासलँड आहे, तीसच्या दशकातल्या धुळीच्या वादळांनी शेतं उडून गेल्यावर सरकारने विकत घेतलेली जमीन, पुन्हा गवताला दिलेली. त्यात सांता फे ट्रेलचा एक तुकडा शिल्लक आहे. १८२१ पासून १८८० मधे रेल्वे पोचेपर्यंत मिसुरीहून सांता फेला माल घेऊन जाणाऱ्या वॅगनी इथून गेल्या, लांबून दिसणारा रॅबिट इअर डोंगर खुणेला धरून, आणि त्यांच्या चाकांनी जमीन दबून तयार झालेली चाकोरी अजून गवतात उथळ चरीसारखी दिसते. तीही तिरक्या उन्हातच दिसते. दोनशे वर्षं झाली. कुणी नांगरलं नाही म्हणून राहिली.

आणि दुसरं फॉल्सम, पश्चिमेला. तिथे ऑगस्ट १९०८ मधे प्रचंड पूर आला, गावातली टेलिफोन ऑपरेटर सॅली रूक रात्री घराघरांत फोन करून लोकांना सावध करत राहिली आणि स्वतः वाहून गेली. पूर ओसरल्यावर जॉर्ज मॅकजंकिन नावाचा काउबॉय कुंपण बघत फिरत होता, टेक्सासमधे गुलामगिरीत जन्मलेला काळा माणूस, वाचनाची आणि दगड-हाडांची आवड असलेला. पुराने खरवडलेल्या एका ओढ्याच्या भिंतीत त्याला खूप खोलवर हाडं दिसली, बायसनची, पण नेहमीच्या बायसनपेक्षा फार मोठी. त्याने ओळखलं की हे जुनं आहे. तो लोकांना सांगत राहिला, कुणी खणायला आलं नाही, १९२२ मधे तो गेला. नंतर डेन्व्हरच्या म्युझियमने खणायला घेतलं आणि १९२७ मधे त्या बायसनच्या बरगड्यांच्या मधे माणसाने घडवलेलं दगडी पातं जागच्या जागी मिळालं, म्हणजे दहा हजार वर्षांच्याही आधी माणूस इथे शिकार करत होता, हे त्यामुळे मान्य करावं लागलं. तिथेही पूरच. पण पुराने उघडं केलं एवढ्याने काही होत नाही, उघडं झालंय हे बघणारा माणूस तिथून जावा लागतो, आणि तो वेळेत जावा लागतो, नाहीतर पुढच्या पुरात हाडं वाहून गेली असती आणि कुणाला काही पत्ताच लागला नसता. मॅकजंकिनचं नाव त्या शोधाला जोडायला लोकांना कितीतरी वर्षं लागली याचा मला राग येतो अजून.

गाडीत आमचा वाद झाला, चांगला तासभर. बाबांचं म्हणणं, सांडवा दुसरीकडे वळवायला हवा, ठशांवर छप्पर हवं, आणि हिवाळ्यात वरून वाळूचा थर पसरून झाकून ठेवायला हवं, उन्हाळ्यात झाडून पुन्हा दाखवायचं. मी म्हटलं छप्पर घातलं तर तिरकं ऊन कुठून येणार, आणि ऊन नाही तर लोकांना पाऊल दिसणार कसं, वर झाडताना नुकसान होईल ते वेगळंच. ते म्हणाले मग साचे काढा, फोटोवरून मोजमापं घेऊन ठेवा, आता कॅमेऱ्याने सगळं होतं. मी म्हटलं ते करावंच, पण साचा बघायला कुणी आठ तास गाडी चालवून येणार नाही आणि रात्री थंडीत झोपणार नाही. ते म्हणाले, "आपण आलो म्हणून ते झिजायचं थांबत नाही." आणि ते बरोबर होतं, मला उत्तर देता आलं नाही, पण मला अजूनही असं वाटतं की जोवर आहे तोवर माणसांनी जाऊन बघावं, वॉकवेवरूनच बघावं, कातळावर पाय ठेवू नये, ठसा नीट दिसावा म्हणून त्यात खडू-बिडू भरू नये, आणि मुलांना घेऊन जावं, कारण मुलांना ती रांग आपल्यापेक्षा लवकर दिसते.

डॅलहार्टपाशी नेटवर्क आलं तसं बाबांनी मला दोन गोष्टी शोधायला लावल्या. एक, क्लेटनला वर्षातून किती रात्री पारा शून्याखाली जातो. दुसरी, डेन्व्हरच्या डायनासोर रिजवर ठशांचा कातळ तिरका उभा आहे म्हणतात, तर तिथे पाणी साचत नसणार, मग तिथली झीज इथल्यापेक्षा कमी आहे का. पहिल्याचं उत्तर मिळालं. दुसऱ्यासाठी एप्रिलमधे जायचं ठरलंय, त्यांचा व्हिसा आहे तोपर्यंत, आणि या वेळी ते स्वतःची टेप घेऊन येणार आहेत.